दलाल काय सांगतो, काय राखून ठेवतो : घर शोधणाऱ्या माणसाच्या दीडशे वर्षांचा धागा

१/
गेल्या जूनमध्ये मी पुण्यात भाड्याची खोली शोधत होते. एका एजंटाचा मोबाइलवर आलेला संदेश मी अजून पुसलेला नाही : ‘वन आरके, भरपूर उजेड, विद्यापीठापासून पाच मिनिटे, शांत सोसायटी. लगेच फायनल करा, दुसरी पार्टी तयार आहे.’ प्रत्यक्षात खोलीला एकच खिडकी होती आणि ती जिन्याकडे उघडत होती. पाच मिनिटे खरी होती, पण दुचाकीने आणि रात्री अकरानंतर. दुसरी पार्टी मात्र मला कधी दिसली नाही.

२/
राग ओसरल्यावर इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडणारा प्रश्न पडला. या संदेशातील एकही शब्द पूर्ण खोटा नव्हता. मग फसगत नेमकी कुठे झाली? दलालाने ग्राहकाला काय सांगावे, काय सांगू नये, कोणत्या शब्दांत सांगावे, याचे संकेत कधी आणि कसे घडले? आजचा धागा त्याविषयी. यातील मुख्य शहर मुंबई आहे, कारण भाड्याचे व मालकीचे घर हा बाजाराचा विषय आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे तिथे झाला.

३/
प्रथम शब्द पाहू. ‘दलाल’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या धातूचा अर्थ दाखवणे, वाट दाखवणे. याच धातूपासून ‘दलील’ हा शब्दही आला : पुरावा, युक्तिवाद. म्हणजे दलाल मुळात वाटाड्या आणि दलील म्हणजे वाट दाखवणारा पुरावा. आज मराठीत ‘दलाल’ ही जवळजवळ शिवी झाली आहे. म्हणूनच त्या पेशातील लोक स्वतःला इस्टेट एजंट, प्रॉपर्टी कन्सल्टंट, चॅनेल पार्टनर म्हणवतात. नाव इतक्यांदा बदलावे लागते, तेव्हा मूळ नात्यात काहीतरी बिनसलेले असते.

४/
दलालीच्या पेशाला गुप्ततेची जुनी परंपरा आहे. आपल्याकडील गुरांच्या व शेतमालाच्या बाजारांत ‘हत्ता’ पद्धत होती. दोघांच्या हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकायचे आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवायचा. भोवती माणसे उभी असत, ज्याचा बैल विकला जात होता तो शेतकरीही उभा असे, पण आकडा दोघांपुरताच राही. पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी ही पद्धत बंद करून उघड लिलाव सक्तीचा केला, यातच तिच्याविषयीची तक्रार काय होती ते कळते.

५/
बोटांप्रमाणे शब्दांचाही पडदा होता. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ ही सांकेतिक बोली प्रसिद्ध आहे. तीत एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू म्हणत. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना दोघा जाणत्यांना त्याच्यादेखत भाव ठरवता यावा, ही तिची उपयुक्तता. घरे काही रुमालाखाली विकली जात नव्हती. पण ‘माहिती मोजकी द्यावी, कारण तीच आपली पुंजी’ ही वृत्ती पेशाच्या मुळापासूनची आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

६/
जुन्या पुण्यात घराचा व्यवहार कसा होई? पेशवाईत नवी पेठ वसवताना सरकार कौल देई : अमुक जागी या, घरे बांधा, दुकाने थाटा, काही काळ करांत सूट मिळेल. पेठेचे शेटे व महाजन वस्ती आणण्याची जबाबदारी घेत आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या जात : पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचा वाडा, दक्षिणेस रस्ता की बोळ. खाली साक्षीदारांची नावे. घराची ओळख शेजाऱ्यांवरून पटे, आणि शेजारी साक्षीला हजर असत.

७/
म्हणजे तिथे माहिती गल्लीच्या मालकीची होती. कोणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, कोणत्या भिंतीवरून भाऊबंदकी चालू आहे, हे आळीला ठाऊक असे. अर्थात ही पारदर्शकता आतल्या माणसांपुरतीच होती. कोणी कोणत्या पेठेत राहायचे हे बहुतांशी जातीने ठरत असे. बाहेरच्याला घर मिळण्याचा प्रश्नच आधी निकालात निघालेला असे. अनोळखी माणूस अनोळखी गल्लीत पैसे घेऊन उभा राहतो, तेव्हाच घराच्या दलालाची गरज निर्माण होते. असा माणूस मोठ्या संख्येने मुंबईत आला.

८/
मुंबईने जमिनीच्या दलालीचा पहिला मोठा धडा समुद्रात घेतला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. तो पैसा समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गेला. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत प्रभावी दलाल. लोक विकत घेत होते ती जमीन अजून पाण्याखाली होती. ती कोणी पाहिलेली नव्हती, सर्वांनी फक्त तिच्याविषयी ऐकले होते.

९/
एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची बातमी येऊ लागली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा अनेक वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी शहराला कळले की ऐकीव किमतीवर उभ्या राहिलेल्या श्रीमंतीला खाली आधार नाही. मोठमोठी घराणी बुडाली. बांधकाम सुरू होण्यापूर्वीच रंगीत पुस्तिकेवरून सदनिका विकत घेणाऱ्या आजच्या ग्राहकाचा हा पूर्वज. न पाहिलेल्या वास्तूच्या खरेदीत पैसा मोजला जातो तो सांगणाऱ्याच्या शब्दावर.

१०/
१८७२ मध्ये भारतीय करार कायदा आला. त्यातील दहावे प्रकरण अभिकर्त्याविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याविषयी आहे. ते कोरडे वाटते, पण दलाल आणि ग्राहक यांच्या संवादाचा आपल्याकडील पहिला सर्वसाधारण लिखित नियम तिथे सापडतो. कलम २१४ सांगते : अडचणीच्या प्रसंगी आपल्या मालकाशी संपर्क साधण्यासाठी आणि त्याच्या सूचना मिळवण्यासाठी अभिकर्त्याने सर्व वाजवी प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्य आहे. मालकाला कळवणे हा त्याने केलेला उपकार ठरत नाही, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले.

११/
त्याच प्रकरणातील उदाहरणे तर छोट्या कथाच आहेत. अ ने ब ला आपली मालमत्ता विकायला सांगितली. पाहणी करताना ब ला तिथे खाण सापडली. ब ने खाणीविषयी मौन राखले, ‘मीच विकत घेतो’ म्हणाला आणि अ ने संमती दिली. खाणीचे कळल्यावर अ हा व्यवहार मोडू शकतो. दुसरे उदाहरण : अ ने ब ला एक विशिष्ट घर घ्यायला सांगितले. ब ने ‘ते मिळत नाही’ असे कळवले आणि स्वतःच घेतले. अ ते घर ब ने दिलेल्याच किमतीला मागू शकतो. दोन्ही कथांत अपराध एकच : जे कळले ते कळवले नाही.

१२/
मग दीडशे वर्षे तक्रार का टिकली? या कायद्याच्या कल्पनेत अभिकर्त्याचा मालक ठरलेला असतो. आपल्याकडच्या घराच्या दलालाचा मालक कोण? तो घरमालकाकडून दलाली घेतो आणि भाडेकरूकडूनही घेतो. विकणाऱ्याला सांगतो, ‘पार्टी याहून वर चढणार नाही.’ घेणाऱ्याला सांगतो, ‘मालक याहून खाली उतरणार नाही.’ बहुधा कोणाशीच त्याचा लेखी करार नसतो. त्यामुळे कर्तव्य कायद्यात आहे, पण ते नेमके कोणाप्रति, हा प्रश्न मोकळाच राहतो. हा गुंता लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा येईल.

१३/
गिरण्यांच्या मुंबईत तर बहुसंख्य माणसांचा पेशेवर दलालाशी संबंधच येत नव्हता. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावच्या माणसाकडे उतरे. गिरणीतला मुकादम कामाला लावे आणि अनेकदा राहण्याची सोयही त्याच्याच ओळखीने होई. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या होत्या. गोव्याहून आलेल्यांसाठी ‘कूड’ होते. रिकाम्या जागेची बातमी नात्यातून, पंगतीतून, गावच्या पत्रातून फिरे. तिचे मोल रोख द्यावे लागत नसे, ते निष्ठेने द्यावे लागे. मुकादमाशी बिनसले तर काम आणि छप्पर एकदम जाण्याची भीती असे.

१४/
१८९६ मध्ये प्लेग आला आणि घरांचा प्रश्न सरकारच्या दारी गेला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढले गेले. त्यात जितकी माणसे हलली तितक्यांना परवडणारी घरे मिळाली नाहीत. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आले, ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपण ‘बीडीडी’ म्हणतो. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तरीही आरंभीच्या वर्षांत त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या. भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि सिमेंटच्या कोंदट भिंती यांमुळे कामगार तिकडे वळेना.

१५/
मध्यमवर्गाची वाट वेगळी. इंग्रजी वृत्तपत्रांच्या पानांवर ‘टू लेट’च्या जाहिराती येत आणि इमारतींच्या दारावर त्याच शब्दांच्या पाट्या लटकत. तिसाव्या दशकातील मंदीत मालक भाडेकरूची वाट पाहत, अशा आठवणी जुन्या गिरगावकर-दादरकर घरांत अजून सांगितल्या जातात. पाटी ही विलक्षण प्रामाणिक गोष्ट आहे. जागा कुठे आहे हे ती लपवूच शकत नाही, कारण ती जागेवरच टांगलेली असते. जागा मुबलक असते तेव्हा पाटी पुरते. टंचाई आली की पाटी उतरते आणि दलाल येतो.

१६/
पण पाटी सर्वांसाठी लागत नव्हती. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना शहरात उतरायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकाने नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हटले. विदेशातील विद्यापीठांत शिकून आलेला तो तरुण त्या संध्याकाळी मुंबईची गाडी पकडून परतला. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

१७/
हा प्रसंग दलालाचा नाही, तरी तो या धाग्यात हवाच. घर मागणाऱ्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती भाडे देणार?’ हा असतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो ‘तुम्ही कोण?’ हा असतो. पुढे हा प्रश्न विचारण्याचे काम मालकाने दलालावर सोपवले. त्यामुळे नकाराची भाषा सौम्य झाली आणि पुरावा नाहीसा झाला. ‘मालकाला फॅमिली हवी’, ‘सोसायटीचे नियम कडक आहेत’, ‘शाकाहारींना प्राधान्य’, ‘आत्ताच दुसऱ्याला दिली’. नकार देणारा दिसत नाही आणि निरोप आणणारा म्हणतो, ‘माझ्या हातात काही नाही.’ जुन्या रुमालाची आठवण यावी असेच हे चित्र.

१८/
आता टंचाईकडे वळू. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिले भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धाने टंचाई पुन्हा आणली, फाळणीनंतरच्या निर्वासितांनी ती वाढली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. कायदा मुळात तात्पुरता होता, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. महागाई चढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. बाजारभाव आणि कायद्याचे भाडे यांत जी दरी पडली, तिच्यात ‘पागडी’ फोफावली.

१९/
प्रमाण भाड्यापलीकडे पागडी घेणे मालकाला कलम १८ ने गुन्हा ठरवले होते, मग ती त्याने स्वतः घेतलेली असो वा त्याच्या वतीने वागणाऱ्या कोणी. म्हणजे कायद्याला मधला माणूस दिसत होता. परिणाम असा झाला की व्यवहाराचा मोठा भाग कागदावरून उतरून कानात गेला. भाडेपावती किरकोळ रकमेची, खरी रक्कम रोख आणि बिनपावती. ‘वरचे किती?’, ‘मालकाचा हिस्सा किती?’ हे प्रश्न हलक्या आवाजात विचारले जात. ज्या रकमेसाठी एखाद्याने बायकोचे दागिने मोडले, तिचा एकमेव साक्षीदार दलाल असे. उद्या वाद झाला तर तोही कोर्टात उभा राहू शकत नव्हता.

२०/
मालकांनी दुसरी पळवाट काढली : भाडेकरू न म्हणता ‘परवानाधारक’ म्हणायचे. हेच आपले लिव्ह अँड लायसन्स. कायद्याने इथेही पाठलाग केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक म्हणून राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या धक्क्याने मालक अधिकच सावध झाले. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागे, म्हणून अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. आज विशीतला प्रत्येक भाडेकरू ज्या अकरा महिन्यांच्या हिशेबाने सामान बांधतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे. एजंट मात्र ‘तसाच नियम आहे’ एवढेच सांगतो.

२१/
भाड्याने देणे तोट्याचे झाल्यावर बांधून विकणे वाढले आणि मालकीच्या सदनिकांचा काळ सुरू झाला. बांधणाऱ्यांच्या गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. त्याचा गाभा ‘उघड करा’ हाच आहे. जमिनीचा हक्क निर्वेध आहे काय, तिच्यावर बोजा आहे काय, मंजूर नकाशे कोणते, ताबा कधी, हे सर्व सांगणे बंधनकारक झाले. लेखी नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. ‘टोकन द्या, कागद नंतर बघू’ हे वाक्य तरीही गेले नाही.

२२/
मग लढाई शब्दांवरून आकड्यांवर आली. रुमालाखालच्या बोटांचे आधुनिक रूप पाहायचे असेल तर क्षेत्रफळ पाहा. चटई क्षेत्र म्हणजे प्रत्यक्ष चटई अंथरता येईल ती जागा. बिल्टअपमध्ये भिंती आल्या. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार यांचा वाटाही आला. एजंट ‘हजार फूट’ म्हणे, घेणारा हजार फूट ऐके, आणि चाव्या मिळाल्यावर कपाट भिंतीला लागत नसे. आकडा खोटा नव्हता, तो कशाचा आहे हे सांगितलेले नव्हते. माझ्या ‘पाच मिनिटां’सारखेच.

२३/
साधने बदलली तसे बोलणेही बदलले. घरगुती टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात फोन असलेला दलाल हाच मोठा दलाल. वाणी, लाँड्रीवाला, इमारतीचा रखवालदार हे त्याचे बातमीदार. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातीत ओळींवर पैसे पडत, म्हणून भाषा आखडली : ‘दादर प., २ रा मजला, पाणी २४ तास, त्वरित.’ १९९५ मध्ये मोबाइल आला, मग संकेतस्थळे, मग छायाचित्रे आणि चलचित्रे. प्रत्येक वेळी लोक म्हणाले की आता दलाल संपला. तो संपला नाही, कारण घर ‘दिसणे’ आणि घराविषयी ‘कळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२४/
१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पागडीला त्याने मान्यता दिली. मला त्यातील कलम ५५ महत्त्वाचे वाटते. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. इतकी वर्षे तोंडी बोलण्याचा तोटा दुबळ्या बाजूला होत होता. या कलमाने निदान कागदावर तरी तो लिहिणे टाळणाऱ्याच्या पदरात टाकला.

२५/
२०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. आता एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. कलम १० नुसार तोंडी, लेखी वा दृश्य स्वरूपात खोटे विधान करणे हा अनुचित प्रकार आहे, आणि ग्राहकाला तो ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्कदार आहे ती मिळवून देणे हे एजंटाचे काम आहे. भंग झाल्यास दिवसाला दहा हजार रुपये, कमाल मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्के इतका दंड. चटई क्षेत्राची व्याख्याही एकच ठरली. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा, आणि प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केले.

२६/
मात्र रेराचा भर नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीवर आहे. भाड्याची खोली त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे विद्यार्थी, नवी नोकरी लागलेली मुले, एकटी बाई, बदलीवर आलेले कुटुंब यांचा दलालाशी येणारा संबंध बहुतांशी १८७२ च्या सर्वसाधारण कायद्यावर आणि उरलेला भरवशावर चालतो. आणि या संबंधात ‘तुम्ही कोण?’ हा बडोद्यातील प्रश्न आजही पहिल्याच फोनवर येतो. मला आडनाव विचारले गेले, रात्री किती वाजता घरी येता हे विचारले गेले, शिजवणार काय हेही. भाड्याचा आकडा चौथा आला.

२७/
न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगते. त्या संदेशवाल्या एजंटाला मी शेवटी विचारले, ‘पत्ता आधी का सांगत नाही?’ तो म्हणाला, ‘ताई, पत्ता सांगितला की लोक परस्पर मालकाला गाठतात. दहा घरे मी दाखवतो, पेट्रोल माझे, आणि अकराव्या दिवशी फोन उचलत नाहीत.’ हे ऐकून मी गप्प झाले, कारण माझ्याच वर्गातील दोघांनी तसे केले होते. ज्याच्याशी कोणीच लेखी करार करत नाही, त्याच्याकडे माहिती अडवून ठेवण्यावाचून दुसरे संरक्षण उरत नाही. त्याचे मौन हा त्याचा विमा आहे.

२८/
म्हणून बाराव्या भागातील गुंत्याकडे परत येते. दोष केवळ दलालाच्या जिभेचा नाही. त्याचा मालक कोण हे आपण ठरवत नाही, हा तो दोष आहे. मी पुढच्या एजंटाला चार गोष्टी संदेशात लिहून विचारल्या : दलाली कोणाकोणाकडून आणि किती, खोलीचे चटई क्षेत्र, पायी अंतर, आणि कराराची नोंदणी होणार की नाही. त्याबदल्यात मीही लिहून दिले : तुम्ही दाखवलेली जागा घेतली तर दलाली तुमचीच. तो आधी हसला, मग चारही उत्तरे आली आणि पत्ताही आला. आज मी त्याच खोलीत बसून हे लिहीत आहे. खिडकी रस्त्याकडे उघडते. चालत बावीस मिनिटे लागतात, आणि बावीसच सांगितली होती.

२९/
धागा इथे संपतो. तुमच्या घरी जुनी भाडेपावती, इसारपावती, चतुःसीमा लिहिलेले खरेदीखत असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. आजी-आजोबांना एकदा विचारा : ही खोली तुम्हाला कोणी सांगितली? पागडी किती दिली आणि ती कोणासमोर मोजली? पागडीच्या काळातील निम्मा इतिहास कधी कागदावर आलाच नाही. तो ज्यांच्या कानांत आहे ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत.